सारांतोसने न घेतलेले नाव

सारांतोस आमचा शेजारी होता. ग्रीसमधील आमच्या या मेसिनियाच्या डोंगरात त्याची ऑलिव्हची झाडे होती, एक खेचर होते आणि भिंतीवर देवाच्या तसबिरींशेजारी टोकदार दाढीच्या, चष्मा लावलेल्या वेनिझेलोसचे चित्र होते. १९१२ च्या युद्धात सारांतोस लढला होता. "या माणसाने देश दुप्पट केला," असे तो त्या पंतप्रधानाविषयी आदराने म्हणत असे. गाव मात्र राजाच्या बाजूचे होते. त्यामुळे कॉफीच्या दुकानात सारांतोसची खुर्ची दाराबाहेर मांडली जाई.

"काय रे सारांतोस, तुझा चष्मेवाला आज काय नवीन करतोय?" आतून कोणी विचारी.

"तुमच्या राजाला बोटीत बसवून परदेशी धाडलं, ते जुनं झालं का इतक्यात?" हा बाहेरून उत्तर देई.

पानागोस हा त्याचा युद्धातील सोबती. दोघांनी एकाच घोंगडीखाली हिवाळा काढला होता. सारांतोसच्या लग्नात वधूवरांच्या डोक्यांवरील मुकुटांची अदलाबदल पानागोसनेच केली होती. जो मुकुट बदलतो, तोच पहिल्या अपत्याचा धर्मपिता होतो. हा हक्क त्याला नाकारता येत नाही. पुढे देशात राजा आणि वेनिझेलोस यांचे फाटले, तेव्हा पानागोस राजाकडे गेला. हक्क मात्र तसाच राहिला.

१९१८ साली सारांतोसला मुलगा झाला. "नाव लेफ्तेरिस ठेव," त्याने पानागोसला विनवले. वेनिझेलोसचे पहिले नाव तेच. पानागोस हसला आणि म्हणाला, "बघू या."

आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या वेळी आई घरीच थांबते. धर्मपिता नाव उच्चारतो, आणि ते आईला सांगण्यासाठी मुले चर्चमधून धावत सुटतात. त्या दिवशी मी सर्वांच्या पुढे होते.

"गारुफालियाकाकू, कोन्स्तांतिनोस! नाव कोन्स्तांतिनोस!"

ते राजाचे नाव होते. काकूने माझ्या हातावर मिठाई ठेवली आणि ती खाली बसली. "अगं बाई," ती म्हणाली, "आता हे त्याला हाक कशी मारणार?"

सारांतोसने नावाने हाक मारलीच नाही. पानागोसशी तो बोलेनासा झाला, आणि मुलाला जन्मभर "पोरा" म्हणत राहिला. "पोरा, खेचर बांध." "पोरा, जेवलास का?" प्रेमात काही उणे नव्हते. तापाने फणफणलेल्या त्या मुलाला पाठीवर घेऊन, बर्फ तुडवत तो वैद्याकडे गेला होता. तेथे वैद्याने नाव विचारले तेव्हाही तो म्हणाला, "माझा मुलगा आहे. तेवढं पुरे."

१९३६ साली वेनिझेलोस परक्या देशात वारला. सारांतोस त्या चित्रासमोर बसून रडला. कोन्स्तांतिनोसला गावात सगळे कोस्तास म्हणत आणि हाक मारताना 'कोस्ता'. तो आत आला, त्याने चित्रापुढचा दिवा पुसला, त्यात तेल घातले आणि वात लावली.

"बाबा, तुम्ही असाल नसाल, हा दिवा मी विझू देणार नाही."

सारांतोसचे ओठ हलले. आम्हा सर्वांना वाटले, आता तो नाव घेईल. "शाबास, पोरा," तो म्हणाला.

चार वर्षांनी अल्बानियाच्या सीमेवर युद्ध पेटले आणि गावातील तरुण निघाले. रस्त्याच्या वळणापाशी बापलोक आपापल्या मुलांना नावाने हाका मारत होते. काकूने नवऱ्याला कोपराने ढोसले. "अहो, आज तरी!"

"ए पोरा!" सारांतोस ओरडला.

सगळीच पोरे वळून हसली. कोस्तासनेही हात हलवला. पण तो हसला नाही.

कोस्तास त्या सीमेवरच बर्फात गोठून मेला. देह आला नाही. काकूने शिजवलेले गहू साखरेने झाकून चर्चमध्ये आणले. मृताच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची, तर घरच्या वडीलधाऱ्याला त्याचे नाव सांगावे लागते. पापा-थिमिओस हे धर्मगुरू. त्यांनीच त्या मुलाचा बाप्तिस्मा केला होता, तरीही त्यांना विचारावेच लागले.

"कोणासाठी प्रार्थना करू?"

सारांतोसने मान खाली घातली. तेव्हा मागून पानागोस रडत पुढे आला.

"लेफ्तेरिस म्हण, गड्या. तुझ्या पाया पडतो. माझं चुकलं. लेफ्तेरिस म्हण!"

"देव त्याला त्या नावाने ओळखत नाही, पानागोस," पापा-थिमिओस हळूच म्हणाले.

"मीही नाही," सारांतोस म्हणाला. मग त्याने मान वर केली. "कोन्स्तांतिनोस." आणि त्यानंतर, मळ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाक मारावी तसा, तो मोठ्याने ओरडला, "कोस्ता! अरे कोस्ता!"



नंतर तो दाराशी उभा राहून ओंजळीओंजळीने गहू वाटू लागला. पानागोसची पाळी आली, तेव्हा त्याने त्याच्याही हातावर गहू ठेवले.

"नाव चांगलं होतं रे," तो म्हणाला. "किती सहज येतं तोंडात."