रशीदच्या फुफीची कबर

रशीद गेल्याचा फोन अकोल्याहून आला, त्याच्या मुलीचा, नसीमाचा. "मास्तरकाका, अब्बा गेले. माझ्याच घरी…" काही वर्षांपूर्वी रशीदचा पाय त्या घराला लागला नसता. नसीमानं स्वतःच्या मर्जीनं निकाह केला होता आणि त्यानंतर घरात तिचं नाव निघत नव्हतं.

मूर्तिजापुरात रशीदचं गादी-उशीचं दुकान. मी शेजारच्या शाळेत शिक्षक. कापसाचे ते वाईट दिवस होते. लोक लग्नं पुढं ढकलत, त्यामुळं गाद्यांचं कामही थंडावलेलं. त्यातच त्याचे वडील वारले. दफनाच्या दिवशी कोणीतरी विचारलं, आजोबांची कबर कुठली? रशीदला सांगता येईना. कच्च्या कबरी, मातीचे उंचवटे; पावसानं सपाट झालेले. ते त्याला लागलं. मग रिकाम्या दिवशी तो आजूबाजूच्या गावांतल्या कब्रस्तानांत घरच्या माणसांच्या कबरी शोधत फिरू लागला. सोबतीला मी.

अंजनगाव सुर्जीला त्याची फुफी, म्हणजे आत्या, पुरलेली होती. एका विणकराबरोबर घर सोडून गेलेली. बाळंतपणात वारली, तेव्हा आजोबा, म्हणजे रशीदचे दादा, मातीलाही गेले नाहीत, असं रशीद लहानपणापासून ऐकत आलेला. कब्रस्तानात बाभळीखाली एक दगड होता. रशीदनं बाटलीतलं पाणी ओतून तो चोळला आणि उर्दू अक्षरांवर बोट फिरवत वाचू लागला.

"जुबेदा… करीमची बेटी." बोट खाली सरकलं. "हा दगड तिच्या बापानं बसवला."

तो तिथंच मातीत बसला. म्हणाला, "दादा आले होते, मास्तर. पन फुफी मेल्यावर आले."

मी हात देऊन त्याला उठवलं.

फाटकाबाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "अकोल्याची गाडी कवा हाय?"

"मूर्तिजापूरची विचार."

"नाई. अकोल्याची."

अकोटमार्गे आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलला होता. नसीमानं दार उघडलं. तिच्या हाताला कणीक होती.

"अब्बा… काहून आले? कोनाले काही झालं का?"

"कोनाले काई नाई झालं. चहा ठेव," रशीद म्हणाला. आणि चप्पल काढताना तोल जाऊ नये म्हणून त्यानं तिचाच खांदा धरला.

त्या दिवशी माफीबिफी कोणी मागितली नाही. पुढच्या खेपेला मात्र त्यानं स्वतः भरलेली उशी अकोल्याला नेली आणि तिथंच ठेवून आला. नंतर त्याचं जाणं वाढलं. शेवटचं आजारपणही तिथंच काढलं.

रशीदचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी नसीमाकडे गेलो. दिवाणावर ती उशी होती. मी तिला धक्का न लावता कडेला बसलो. नसीमानंच ती उचलली आणि माझ्या पाठीशी सरकवली.

"टेका ना, काका. अब्बानं टेकायसाठीच भरली हाय ते."

मी टेकलो. कापूस अजून घट्ट होता…