गुरुवारचे पान बुधवारी

आदरणीय मेश्रामसाहेबांच्या एकसष्टीच्या या अंकात मी लिहावे असा समितीचा आग्रह. मी काही लेखक नव्हे. आयुष्यभर विमानांना उंची आणि वेळ सांगत आलो, तेव्हा भाषा रुक्ष वाटली तर सांभाळून घ्यावे.

साहेबांची आणि माझी पहिली भेट सोनेगाव विमानतळावर, विमान वाहतूक नियंत्रणाच्या खोलीत झाली. मी इतवारी पेठेतला, भौतिकशास्त्राचा एम.एस्सी., अंगात नवा बुशशर्ट आणि डोक्यात हवा. वाटले होते, गेल्या गेल्या परदेशी वैमानिकांशी इंग्रजीत बोलायला मिळेल. साहेबांनी नाव विचारले, चहा पाजला आणि पुढ्यात छापील पानांचा गठ्ठा ठेवला. नियमपुस्तकातली जुनी पाने काढायची, नवी लावायची. महिनाभर हेच. यापेक्षा दुकानात कापड मोजत बसलो असतो तर बरे, असे मी घरी बायकोजवळ कुरकुरलो.

मग हळूहळू उमगले. विमान एका देशातून उडते, चार देशांवरून जाते आणि पाचव्यात उतरते. म्हणून जगातल्या देशांनी करार करून नियम एक केले आहेत. मार्गातला, उंचीतला बदल आधी छापून सगळीकडे जातो आणि ठरलेल्या गुरुवारी, आपल्या घड्याळात पहाटे साडेपाचला, सगळीकडे एकदम लागू होतो. साहेबांना याचे फार अप्रूप. छप्पन साली त्यांनी घरच्यांसोबत इथेच धम्मदीक्षा घेतली. त्याआधी गावच्या विहिरीवर कोण आधी आणि कोण नंतर, हे त्यांनी सोसलेले होते. एकदा एका बलाढ्य देशाच्या विमानाला हवी असलेली उंची त्यांनी एका चिमुकल्या देशाच्या विमानाला दिली. आम्ही तोंडाकडे पाहत राहिलो, तर म्हणाले, त्याने आधी मागितली होती.

शिस्त जेवढी, माया तेवढीच. माझ्या मुलीला कावीळ झाली तेव्हा आठवडाभर माझी ड्यूटी साहेबांनी केली, आणि वहिनी रोज उसाचा रस घेऊन दवाखान्यात येत.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. माझे प्रोबेशन संपायला दोन महिने उरले होते. मेहुणीचे लग्न सावनेरला, नेमके पाने बदलायच्या गुरुवारी. काम मागे राहू नये म्हणून मी बुधवारी सकाळीच नवे पान लावले, जुने फाडून टाकले आणि मोठा तीर मारल्याच्या थाटात बस पकडली.

त्या दुपारी टेबलावरच्या सहकाऱ्याने ते पान पाहून पूर्वेकडे निघालेल्या एका परदेशी विमानाला उंची दिली. शेजारचे केंद्र अर्थातच बुधवारच्या नियमाने चालले होते. त्यांनी त्याच मार्गावर समोरून येणाऱ्या विमानाला तीच उंची दिली होती. शेजाऱ्यांना फोनवर निरोप जात असताना तो आकडा साहेबांच्या कानावर पडला. ते ताडकन उठले आणि उंची बदलायला लावली. दोन्ही विमाने अजून खूप लांब होती. वैमानिकांना काही कळलेही नाही.

शुक्रवारी मी लग्नाचे लाडू घेऊन आलो, तेव्हा हे ऐकले. पाया पडायला वाकलो तर साहेबांनी दंड धरून उभे केले. मी हात जोडले. म्हणालो, बाहेर कोणाला ठाऊक नाही, वर अहवालाचा कागद पाठवू नका. नोकरी जाईल, घरी सात माणसे खाणारी आहेत.

"कागद तर जाईन, बोरकर," साहेब म्हणाले. "उद्या दुसऱ्या कोण्या देशात कोणी असंच पान लावून राहिला असन, तर त्याले कसं समजन?"

मग त्यांनी नियमपुस्तक उघडून दाखवले, की चौकशी दोषी शोधायला नसते, पुन्हा तसे घडू नये यासाठी असते. अहवाल माझ्यासमोर लिहिला. त्यात साहेबांनी लिहिले, पान एक दिवस आधी लावले गेले. लावलेले पान तपासणे ही प्रभारी म्हणून त्यांची स्वतःची जबाबदारी होती आणि त्यांनी ते तपासले नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या. माझे नाव मात्र कुठेच नव्हते.

वरच्यांनी नियमपुस्तकातले ते कलम वाचले नसावे. साहेबांना ताकीद आली आणि परदेशी प्रशिक्षणाच्या यादीतून त्यांचे नाव कापले गेले. त्या प्रवासासाठी त्यांनी आयुष्यातला पहिला सूट शिवायला टाकला होता. मी नोकरीत कायम झालो. मेश्राम एवढे नियमवाले, पण शेवटी स्वतःच चुकले, असे लोक चहा पिताना म्हणत, आणि मी त्यांच्यातच बसून चहा पीत असे. दहा-बारा वर्षे हे चालले. मला त्याची लाज वाटते.

गेल्या आठवड्यात साहेबांच्या घरी जाऊन म्हटले, हे अंकात लिहितो. त्यांना ते पटेना.

"काहून गा? झालं ते झालं."

मी म्हणालो, साहेब, तुमचा अहवाल अपुरा आहे. मग ते म्हणाले, "मंग पुरं लिही."

तर ते पान मी लावले होते. मी, वसंत बोरकर. साहेबांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, वहिनींची सोबत लाभो. आणि यापुढे कोणी म्हणाले की मेश्रामसाहेब एकदा चुकले होते, तर कृपा करून त्याला माझा पत्ता द्यावा.