कोळ्याच्या डबीत घातलेला कापूस

माझी नात अमरावतीला शिकते. दिवाळीत ती अकोल्याला माझ्याकडे आली, ती तीन डब्या घेऊन. झाकणाला सुईने पाडलेली भोकं, आत नारळाचा भुसा आणि प्रत्येक डबीत टारँटुलाचं एक पिल्लू. टारँटुला म्हणजे तो मोठा केसाळ कोळी. पण हे पिल्लू पायांसकट माझ्या करंगळीच्या नखावर मावेल एवढंच. होस्टेलच्या बाईंनी तिला डब्यांसकट बाहेर काढायची धमकी दिली होती.

"आजी, परीक्षा होईपर्यंत ठेव. मले बी नवीनच हाय हे. दोघी शिकू."

शिकू म्हणे! आयुष्यभर मी कोळी दिसला की झाडू घेतला.

तिने सगळं लिहून दिलं. आठवड्यातून दोनदा मेलेल्या अळीचा तुकडा, डबीच्या कडेला पाण्याचा एक थेंब, आणि खाली तीन रेघा मारून: उगीच उघडायचं नाही. तेवढंच मला जमलं नाही. पोळी तव्यावर टाकायची आणि डब्या बघायला उठायचं. पूजेला बसलं की अर्धं लक्ष फडताळाकडे. हललं का? जेवलं का? एवढी तर मी पोरांच्या मागेही लागले नव्हते, खरं सांगते.

जानेवारीत थंडी पडली आणि मधल्या डबीतल्याने खाणं सोडलं. पोट काळं पडून चकाकायला लागलं. कात टाकायच्या आधी असं होतं, हे त्या कागदावर होतं बरं का. मी वाचलंही होतं. पण माझ्या मनाने घेतलं की याला गारठा बाधला.

त्याच दिवशी तेल्हाऱ्याहून माझी धाकटी जाऊ आली. शेतातला कापूस, सरकी काढून, वातींसाठी घेऊन आली होती. डब्या बघून दारातच थांबली.

"अवो बाई, तुमाले दुसरं काई सापडलं नाई पाळाले? मांजर होतं, पोपट होता!"

"तू चहा पी. तुले नाई चावत ते."

"मले नाई चावत, पन तुमाले भुलवलंच हाय त्याईनं!"

ती गेली आणि तो मऊ पांढरा ढीग माझ्यासमोर राहिला. आमच्याकडे अशक्त जीव कापसातच ठेवतात. माझा मुलगा, म्हणजे या पोरीचा बाप, सातव्या महिन्यातला. दोन महिने कापसात गुंडाळूनच जगवला त्याला. मग हा तर केवढासा! चिमूटभर कापूस पिंजून मी मधल्या डबीत अंथरला. तेवढा एक दिवस मला स्वस्थ वाटलं.

सकाळी बघते तर एक पाय कापसात गुंतलेला. या कोळ्याच्या पायाला बारीक नख्या असतात, त्यात तंतू अडकला होता. तो ओढत होता, गुंता वाढत होता. माझं डोकं फिरलं. चिमट्याने तंतू धरला आणि ओढला. तंतू आला, त्याच्यासोबत पायही आला.

उरलेला कापूस कात्रीने कापत कापत काढला. झाकण लावलं, तर थोड्या वेळाने तो उताणा पडला.

मी फोन लावला. कापसाचं काही बोलले नाही. "अवं, तो उलटा पडला!"

"पाय पोटाशी घेतले का?"

"नाई, पसरले हायेत."

"मग मेला नाई, आजी. कात टाकून राह्यला. डबी हलवू नको, फुंकर बी मारू नको."

बसले. उठले. खिडकी लावली, उघडली. गॅसवर भात ठेवून विसरले. दुपारी जेवायच्या वेळेला ती जुनी कात सुटून बाजूला पडली आणि आतून फिकट, ओलसर कोळी निघाला. मी पुन्हा पुन्हा मोजले. सात पाय.

नातीला एवढंच सांगितलं, की एक पाय गेला. ती हिरमुसली, पण म्हणाली, "होते असं. ओल कमी पडली की पाय अडकते कातेत. माहंच चुकलं, मी कमी पाणी लिहिलं. आता तिनई डब्या चांगल्या भिजव तू."

इथे मला गप्प राहता आलं असतं. पोरगी स्वतःवर दोष घेत होती, माझी अब्रू वाचत होती. पण भिजवलेल्या भुशात ते तिन्ही जीव गुदमरले असते.

"पानी नको सांगू," मी म्हटलं. "म्या कापूस घातला होता. त्यात अडकला. म्याच ओढला."

"कापूस? काहून, आजी?"

"थंडी होती म्हनून. तुह्या बापाले घातला होता तसा."

ती हसली नाही. फोन ठेवला. तासभर मी घरात येरझारा घातल्या. डब्यांकडे पाहायची सोय राहिली नव्हती आणि न पाहता राहवतही नव्हतं. मग तिचाच फोन आला, आवाज रडून बसलेला.

"पाय येते परत, दोन-तीन कातीत. पन भुशात तंतू राह्यले असतीन. आता नको, अंग मऊ हाय त्याचं. चार दिवसांनी मी व्हिडिओवर सांगतो, तसं एक-एक काढजो. आनि आजी, मले इचारल्याबिगर काई टाकू नको."

"नाई टाकत."

त्या चार दिवसांत मी चष्म्याचा नंबर वाढवून आणला.