सूर्य बुडायच्या आत घोडी घरात

नवरदेव रुसो नाहीतर सासरा, सूर्य बुडायच्या आत घोडी तबेल्यात, हा बंदेनवाजचा कायदा. सोलापुरात वरातीला घोडी देणारे पुष्कळ, पण घोडीला मच्छरदाणी लावणारा हा एकटाच. बायको बिबीजान म्हणायची, "आमी वीस वर्षं डास मारत झोपलो, तवा न्हाय सुचलं."

दोन वर्षांमागं त्याचा तांबडा घोडा मेंदूच्या तापानं गेला. आधी चारा सोडला, मग झोकांड्या, मग एकाच जागी गोल फिरणं. चौथ्या दिवशी आडवा. गुरांच्या डॉक्टर शिवानी मॅडमनी सांगितलं, "डासातून आलेला विषाणू दिसतोय. त्यावर नेमकं औषध नाही. डास चावू द्यायचा नाही, एवढंच हातात." मग त्यांनी दगडी हौदात बॅटरी मारली. अळ्या वळवळत होत्या. घोड्याला ताजं पाणी म्हणून बंदेनवाज रोज वरून बादली ओतायचा. तळ कधी उपसलाच नव्हता. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा हौद कोरडा, खिडक्यांना जाळी आणि तिन्हीसांजेला दार बंद.

गल्लीतल्या अजिनाथच्या पोराचं, माउलीचं, लग्न ठरलं, तेव्हा बोली झाली: चारला निघायचं, सहाला मारुतीच्या देवळात. वरात हलली साडेपाचला. त्यात मामा मंडळी एका खांबाखाली अर्धा तास नाचली. बंदेनवाज लगाम धरून गिरणीच्या धुराड्याकडं बघत होता. सूर्य धुराड्यामागं गेला तशी त्यानं घोडी थांबवली.

"नवरदेव, उतरा."

अजिनाथ तणतणत आला. "घोडी हाय का सरकारी कचेरी? टाईम झाला की बंद?"

"आण्णा, आधीच बोललो हुतो की."

"देऊळ हितं तर हाय."

"डासबी हितंच हायत."

"एक डास चावला तर मरती व्हय घोडी?"

"तांबड्याला तरी कुटं लई चावले आसतील? एकच आसंल."

 माउली फेटा सावरत स्वतःच उतरला. मांड्या आखडल्या होत्या, त्यालाही सुटल्यासारखं झालं. बंदेनवाजनं घोडी वळवली ती मागं न बघता.

तबेल्यात घोडी बांधून त्यानं जाळी पक्की केली. बिबीजान म्हणाली, "आता हे गिऱ्हाईक पुन्यांदा येतंय व्हय?"

"न येऊ दे. घोडी तर हाय."

मग तो तडक वरातीकडं परतला. मित्रांनी माउलीला खांद्यावर घेतलं होतं आणि ते देवळाच्या अलीकडंच धापा टाकत होते. बंदेनवाजनं एकाला बाजूला सारलं आणि खांदा लावला.

"आता तू कशाला?" अजिनाथनं विचारलं.

"देवळापातूर पोचवायचं ठरलंय न्हवं," तो म्हणाला. "चला."