कॅप्टन शीळफाटा

कॅप्टन शीळफाटा वाटाघाटींना स्वतःचा डबा घेऊन यायचे. पंचतारांकित हॉटेलातला हॉल, कंपनीने मांडलेलं भरगच्च जेवण, आणि आमच्या वैमानिक संघटनेचे अध्यक्ष कोपऱ्यात बसून पोळी आणि भेंडीची भाजी खातायत. एचआरच्या साहेबांनी आग्रह केला की म्हणायचे, "तुमचं खाल्लं की मला भीड पडते. आणि आज मला भांडायचंय." समितीतले बाकीचे तोवर दुसऱ्यांदा पुलाव वाढून घेत असायचे. मीही घ्यायचो.

हे नाव त्यांना कंपनीतल्या लोकांनी चेष्टेने ठेवलं होतं, आणि पुढे आम्हीही पाठीमागे तेच वापरायला लागलो. समोर मात्र सर. करारात पगारवाढ होती, रजा होत्या, सगळं होतं. पण सरांची एक मागणी अशी होती की तिच्यावरून ते तसूभर हलत नसत. वैमानिकाची ड्यूटी कंपनीची गाडी त्याच्या दाराशी आल्यापासून मोजावी. कंपनी ती विमानतळावर हजर झाल्यापासून मोजायची. सर डोंबिवलीला राहायचे, मी ठाकुर्लीला. गाडी आधी मला घ्यायची, मग त्यांना, आणि मग आम्ही दोघं शीळफाट्याला ट्रकांच्या रांगेत जाऊन अडकायचो. दोन तास, कधी तीन. कंपनीच्या हिशेबी तेवढा वेळ आम्ही घरी आराम करत असायचो. त्यानंतर चार उड्डाणं. चौथ्या लँडिंगला डोळे किती जड होतात ते मी इथे सविस्तर सांगत नाही. तुम्हीही विमानाने जात असालच.

या मागणीचं कौतुक कोणालाच नव्हतं. सोसायटीच्या लिफ्टमध्ये शेजारी विचारायचे, "काय कॅप्टन, एवढा पगार आणि वर संप?" सर म्हणायचे, "संप नाही हो, झोप मागतोय." संघटनेतलेच वांद्रे-अंधेरीचे लोक तर तोंडावर बोलायचे, "डोंबिवलीत राहायला सांगितलं कोणी यांना?" एकदा सरांनी त्यावर उत्तर दिलं, "माझ्या आईवडिलांनी. त्यांना तिथंच परवडलं." पुढच्या सभेत त्याच लोकांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

एकदा त्यांनी एचआरच्या साहेबांना गळ घातली की डोंबिवलीहून आमच्या गाडीत बसून या. ते खरोखरच आले, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. पहिला अर्धा तास छान गप्पा मारत होते. शीळफाट्याला गाडी तासभर हलली नाही तेव्हा त्यांनी घाम पुसत विचारलं, "अहो, अजून किती?"

"अजून ड्यूटी सुरूच झाली नाहीये साहेब," सर म्हणाले. मी खिडकीबाहेर तोंड करून हसलो. पुढच्याच बैठकीत कंपनीने मागणी मान्य केली. सरांना एवढं खूश मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

आता माझ्याबद्दल. मी तेव्हा सहवैमानिक होतो. विमानात आम्ही उड्डाणाआधी यादी वाचतो. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ती गोष्ट डोळ्यांनी बघून 'चेक्ड' म्हणायचं. रोज तीच यादी वाचली की तोंड आपोआप उत्तर देतं आणि डोळे भलतीकडेच असतात. सर यावरून मला नेहमी दम द्यायचे, "अरे, बघून बोल. पाठांतर कोणी विचारलंय?" कराराची छापील प्रत सहीसाठी आली तेव्हा त्यांनी तीच पद्धत लावली. ठरलेला मसुदा ते मोठ्याने वाचत होते आणि कंपनीची नवी प्रत माझ्यासमोर होती. त्या दुपारी आम्ही दोघंही सकाळची उड्डाणं संपवून थेट तिथे गेलेलो. गाडीच्या कलमापर्यंत आलो. ते कलम मी इतक्या वेळा ऐकलेलं की मला झोपेतही म्हणता आलं असतं. मी 'चेक्ड' म्हणालो.

नव्या प्रतीत त्या कलमाच्या शेवटी एक ओळ वाढवलेली होती. ही सवलत फक्त मुंबई महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांना.

म्हणजे ज्यांना गाडी वीस मिनिटांत पोचवते त्यांना. ठाणे, कल्याण, डोंबिवली, सगळे बाहेर. महिन्याभराने रोस्टर लागलं तेव्हा आम्हाला ते कळलं. कंपनी म्हणाली, तुमच्याच अध्यक्षांची प्रत्येक पानावर सही आहे. सरांनी सभेत सांगितलं, करार पुन्हा उघडूया. वांद्रे-अंधेरी म्हणाली, मग आमची पगारवाढ लटकेल. मागून कोणीतरी ओरडलं, "प्रत तपासली कोणी होती?"

मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. सर म्हणाले, "मीच वाचली, मीच तपासली." मी उठलो नाही. हात वर झाले, आणि पाच मिनिटांत ते अध्यक्ष राहिले नाहीत. त्या हातांत माझा नव्हता, एवढंच काय ते माझं शौर्य.

त्यानंतर त्यांनी एकट्याने जे करता येण्यासारखं होतं ते केलं. शीळफाट्याला तीन तास गेले की विमानतळावर लिहून द्यायचे, 'मी थकलेलो आहे, विमान चालवायला योग्य नाही,' आणि परत फिरायचे. कोणत्याही वैमानिकाने हे करायला हवं. करत कोणी नाही. चौथ्या खेपेला त्यांना बोलावून राजीनाम्याचा कागद पुढे ठेवला. नव्या अध्यक्षांनी सांगितलं की हे त्यांचं वैयक्तिक प्रकरण आहे. निरोपसमारंभ झाला नाही.

मी त्यांच्या घरी गेलो ते बऱ्याच महिन्यांनी. चहा होईपर्यंत कसाबसा धीर धरला आणि म्हणालो, "सर, त्या दिवशी मी बघितलं नव्हतं."

"माहितीय," ते म्हणाले. "तू भिंतीकडे बघत होतास. मी पाहिलेलं."

"मग थांबवलं का नाहीत?"

"मीपण दमलेलो रे. म्हटलं, होऊ दे, संपव एकदाचं." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कॅप्टन मी होतो. पान मी उलटलं." मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

गेल्या वर्षी मी स्वतः कॅप्टन झालो आणि पवईला घर घेतलं. महापालिकेच्या हद्दीत. आता गाडी दाराशी लागते त्या मिनिटापासून माझी ड्यूटी मोजली जाते, त्याच कलमाखाली. घर घेतल्याचं सांगायला सरांना फोन केला. त्यांनी अभिनंदन केलं, घर कितव्या मजल्यावर ते विचारलं, आणि मग म्हणाले, "आता झोप पुरते ना नीट?"

पुरते, म्हणालो. खरंच पुरते, आणि मला त्याचीच लाज वाटते.