आधी पिसवा, मग उंदीर

जबलपूरहून निघताना सामानात मेथीचे लाडू घेतले. उंदरांचे औषध विमानात चालत नाही, म्हणून ते पोर्ट ब्लेअरच्या बाजारात घेतले. माझी लेक मुक्ता डॉक्टर आहे; अंदमानच्या एका लहान बेटावर तापाच्या साथीचा माग काढते. "आई, इथं उंदीर फार," असे तीच फोनवर म्हणाली होती.

बोटीत दोन्ही हातांनी कठडा धरून बसले. उतरल्यावर मात्र निळे पाणी, माडांची रांग आणि खोपऱ्याचा (वाळवलेल्या खोबऱ्याचा) गोडसर वास.

मुक्ता ओसरीवर गुंगी दिलेला उंदीर विंचरत होती. खालच्या पांढऱ्या परातीत पिसवा पडत होत्या. फणी ओळखीची वाटली. जबलपूरहून, कांचघरच्या बाजारातून मीच पाठवली होती, तिच्या केसांसाठी!

"अगं, हे काय करून राहिली?"

"पिसवा मोजून राहिले. त्यांची घाण खाजवलेल्या जागी गेली की हा ताप येतो. डोकं ठणकतं, पुरळ उठतं. लोक डेंग्यू समजतात."

तापाची घरे तिने नकाशावर मांडली होती. त्यांतली बहुतेक खोपऱ्याच्या गोदामांना लागून. तिथेच पुष्पाची खानावळ. तिचा नवरा तापाने पडलेला. मुक्ताने त्याला गोळ्या सुरू केल्या होत्या. मी तिथे माशाचे कालवण आणि भात जेवले आणि निघताना उंदरांचे औषध पुष्पाला दिले. तिने ते लगेच शेजारच्या गोदामवाल्या चाचांकडे पोचवले.

मुक्ताला सांगितले तर ती ताडकन उठली. "काहून दिलंस, आई? उंदीर मेले की पिसवा माणसांवर येतात. आधी पिसवा मारायच्या, मग उंदीर!"

आम्ही धावलो. चाचा औषध पिठात मळत होते.

"दीदी, चूहा मरे तो किसका नुकसान?"

"आपका, चाचा. चूहा ठंडा हुआ तो पिस्सू गरम बदन ढूँढेगा. यहाँ बोरों पर सोता कौन है?"

गोदामातले हमाल चाचांकडे बघून खो खो हसले. चाचांनी मांडी खाजवली आणि पिठाचा गोळा मुक्ताच्या हाती दिला.

सकाळी नाकाला रुमाल बांधून मीही बिळांत पिसवा मारायची पावडर टाकली. परतीच्या दिवशी पुष्पाचा नवरा चुलीपाशी मासे तळत होता.

जबलपूरला आमच्या खमरियात डॉक्टर म्हणजे खुर्चीत बसून नाडी पाहणारा. माझी डॉक्टर ओणवी होऊन बिळे तपासते.

घरी आल्यावर पहिले काम केले. कांचघरला जाऊन बारीक दातांच्या आणखी फण्या मागितल्या.

"बिटिया के बालों के लिए, दीदी?" दुकानदाराने विचारले.

"नहीं भैया," मी मान ताठ करून सांगितले, "उसके चूहों के लिए."