आईच्या माथी मारलेला बटाटा

नऊ-दहा वर्षांची असताना मी स्वतःला लई शहाणी समजायचे. दोन वेण्या, एक फुटका गुडघा आणि कात्रीसारखी जीभ, एवढंच काय ते भांडवल. पिंपरी पेंढारला आमच्या समोर एका मारवाडी जैन कुटुंबाचं किराणा दुकान होतं. त्यांची मुलगी माझी जिवाची मैत्रीण. कांदा, लसूण, आलं, बटाटा असलं जमिनीखालचं काही ती खात नसे. ती जेवायला येणार म्हटलं की आई चूल सारवायची, वेगळं पातेलं घासून घ्यायची.

एकदा चुलते ओट्यावर बसून म्हणाले, "बाजरी आपली चालती त्यांना, बटाटं न्हाई चालत. आपुन हलकं ना!"

ते माझ्या टाळक्यात बसलं. आमच्या रानातल्या बटाट्याचा अपमान म्हणजे माझाच अपमान! पुढच्या खेपेला आई भाजणी भिजवून गोठ्यात गेली, तेवढ्यात मी उकडलेला बटाटा कुस्करून मैत्रिणीसाठी वेगळ्या ठेवलेल्या गोळ्यात मळला.

"मावशी, आज किती मऊ झालंय थालीपीठ!" ती म्हणाली. मी फ्रॉक तोंडात कोंबून हसत होते. दुसरं थालीपीठ मोडताना तिच्या बोटांना बटाट्याची न कुस्करलेली फोड लागली. काम तरी धड करावं की नाही मी!

"हे काय गं?" तिनं हळूच विचारलं.

माझा शूरपणा कुठं पळाला कोण जाणे. "आईच्या हातून चुकून पडलं असंल," मी कुजबुजले. "बोलू नको, तिला लई वाईट वाटंल."

इतक्यात आई तव्यावरून वळली. "आवडलं का गं? आणखी घे की, लाजतीस काय!"

मैत्रिणीनं ती फोड तोंडात टाकली आणि गिळली. "लई छान झालंय, मावशी." डोळे भरून आले होते.

"तिखट लागलं व्हय?" म्हणत आईनं पाणी पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून ती फक्त उकळलेल्या पाण्यावर राहिली. शाळेत तिच्या शेजारी बसून मी माझा डबा खाल्ला. सगळा खाल्ला, असली मी. ज्यांना तोरेवाले समजत होते, त्यांच्या पोरीनं माझ्या आईचं मन राखायला स्वतःचा नेम मोडला होता.

परवा ती जुन्नरहून माझ्याकडे आली होती. माझी नात वर्गातल्या एका मुसलमान मुलीबद्दल नाक मुरडत म्हणाली, "तिच्या डब्यातलं मी नाही खात." मैत्रिणीनं तिला जवळ घेतलं. "अगं, तुझ्या पणजीनं चुकून मला बटाटा घातला होता. मी खाल्ला. माझ्यासाठी चूल सारवायची गं ती! तिचं मन कसं मोडू?"

नात माझ्याकडे वळली. "पणजी विसराळू होती का गं, आजी?"

आई जन्मात काही विसरली नाही. तेच सांगायला मी तोंड उघडलं.

"चहा टाकते," मी म्हणाले. "बिनआल्याचा."